आपल्याच सिद्धांतातली चूक मुळापासून शोधणारा माणूस, ज्याच्या नावाने आज ‘हॅस्केल’ चालते

करी म्हटलं की आपल्याला रस्सा आठवतो. पण एखाद्या प्रोग्रामर मित्राला विचारा, तो हॅस्केल करी यांचं नाव घेईल. त्यांच्या पहिल्या नावावरून एक प्रोग्रामिंग भाषा आहे आणि आडनावावरून दुसरी.

हॅस्केल ब्रूक्स करी यांचा जन्म १२ सप्टेंबर १९०० चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. आईवडील बोस्टनमध्ये वक्तृत्व शिकवणारी शाळा चालवायचे. पोरगं १९१६ साली हार्वर्डला गेलं ते डॉक्टर व्हायला. मग मेडिकल सोडून गणित, गणितानंतर इंजिनिअरिंग, मग फिजिक्स आणि फिरून पुन्हा गणित.

त्यांच्या डोक्यात एकच किडा होता. गणितात एका चिन्हाच्या जागी दुसरं चिन्ह ठेवतो, ही इतकी साधी क्रिया मुळात चालते कशी? त्यावर त्यांनी स्वतःची मांडणी सुरू केली. पण १९२७ मध्ये कळलं की मोझेस शोनफिंकेल यांनी हीच कल्पना आधीच छापली आहे. दुसरा कुणी असता तर विषय सोडला असता. करी थेट जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि १९३० मध्ये त्याच विषयात डॉक्टरेट घेऊन मोकळे झाले. विषयाचं नाव, कॉम्बिनेटरी लॉजिक.

खरा धक्का बसला १९३५ मध्ये. क्लीनी आणि रॉसर या दोन तरुण गणितज्ञांनी दाखवून दिलं की अलोन्झो चर्च आणि करी, दोघांच्याही तर्कपद्धतीत विसंगती आहे. म्हणजे त्या पद्धतीत काहीही सिद्ध करता येतं, अगदी खोटंसुद्धा. अनेक वर्षांच्या कामाच्या पायालाच भेग.

करींनी काय केलं? ते चुकीच्याच मागे लागले. मूळ सिद्धता लांबलचक होती. ती त्यांनी सोलत सोलत आणली आणि १९४२ मध्ये चूक अगदी छोट्या रूपात समोर ठेवली. आज तिला ‘करीचा विरोधाभास’ म्हणतात.

तो असा. एक वाक्य घ्या: हे वाक्य खरं असेल, तर पुण्याला समुद्र आहे. आता समजा, वाक्य खरं आहे. मग ते सांगतं त्याप्रमाणे पुण्याला समुद्र आहे. म्हणजे ‘वाक्य खरं असेल तर समुद्र आहे’ हे आपण सिद्ध केलं. पण वाक्य तेवढंच तर म्हणत होतं! म्हणजे वाक्य खरं ठरलं आणि पुण्याला समुद्र आला.

दोष नेमका कुठे होता? स्वतःबद्दल बोलायची मुभा आणि ‘जर-तर’चा नियम, दोन्ही बिनशर्त एकत्र आले की सगळं कोसळतं.

दुसऱ्या महायुद्धात करी सरकारी कामावर गेले आणि तिथे त्यांनी एनिॲक या सुरुवातीच्या महाकाय कॉम्प्युटरवरही काम केलं. पुढे पेनसिल्व्हेनियात शिकवलं, काही वर्षं ॲमस्टरडॅमला काढली. १ सप्टेंबर १९८२ ला ते गेले.

हॅस्केल भाषेची पहिली अधिकृत मांडणी आली १९९० मध्ये, म्हणजे त्यांच्यानंतर आठ वर्षांनी. नाव ठरल्यावर भाषा बनवणाऱ्यांपैकी एक जण त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांना भेटायला गेला. निघताना त्यांनी हळूच सांगितलं की हॅस्केल हे नाव करींना स्वतःला कधीच आवडलं नव्हतं!

आता गंमत बघा. कोड चुकला की प्रोग्रामर मध्येमध्ये मेसेज छापतो: इथपर्यंत आलो, किंमत एवढी आहे. हॅस्केलमध्ये हे सहज जमत नाही. जे फंक्शन फक्त आकडा देतो म्हणतं, त्याला गुपचूप काही छापता येत नाही. छापायचं तर ते त्याच्या टाइपमध्ये आधीच जाहीर करावं लागतं.

एक चोरवाट आहे, ‘ट्रेस’. पण ती फक्त चूक शोधण्यापुरती. कारण हॅस्केल आळशी आहे, गरज पडेपर्यंत हिशोबच करत नाही. त्यामुळे ट्रेसचे मेसेज उलटसुलट क्रमाने येतात आणि ज्या किमतीची गरजच पडली नाही तिचा मेसेज येतच नाही. अशा मेसेजवर टेस्ट लिहिली तर ती भरवशाची राहत नाही.

मग उपाय? फंक्शनने उत्तरासोबत मेसेजची यादीही परत द्यायची. दोन अधिक तीनचं उत्तर पाच आलं का हे तपासतो, तशीच ती यादीही तपासायची. मेसेज कमी पडला किंवा क्रम बदलला तर टेस्ट लगेच फेल.

चूक झाकायची नाही, तिचा माग सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. करींनी १९३५ नंतर कागदावर हेच केलं होतं.