जोसेफ मेरिक : चेहऱ्यामागचा माणूस

इंग्लंडमधील लेस्टर येथे 1862 मध्ये जन्मलेल्या जोसेफ मेरिक यांची चेहऱ्याची व कवटीची हाडे लहानपणापासूनच बेढब वाढत गेली. ही वाढ कर्करोगाची नव्हती. तरी खाणे-बोलणे अवघड झाले. 1882 च्या सुमारास शस्त्रक्रियेने तोंडाजवळची वाढ काढली गेली. मात्र कवटीचे हाड वाढतच राहिले. पोटासाठी ते ‘एलिफंट मॅन’ म्हणून लोकांपुढे उभे राहिले. 1886 मध्ये सर्जन फ्रेडरिक ट्रीव्हज यांच्यामुळे त्यांना लंडन हॉस्पिटलमध्ये आसरा मिळाला. तिथेच 1890 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज सीटी स्कॅन पाहून असे वाढलेले हाड अनेकदा तासता येते. केळापूर तालुक्यातही कुणी असा चेहरा पदराआड लपवत असेल, तर तो डॉक्टरांना दाखवावा.