किडरमिन्स्टरचे पाळक रिचर्ड बॅक्स्टर

पौल प्रेषित यरुशलेमास जाण्याच्या घाईत असताही मिलेत येथे थांबला आणि त्याने इफिस येथील मंडळीच्या वडिलांस बोलावून घेतले, ही प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायातील हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तीन वर्षे आपण त्यांच्यामध्ये कसे वागलो, याचे तो त्यांस स्मरण देतो. त्याने चारचौघांत शिकविले तसे घरोघर जाऊनही शिकविले, आणि रात्रंदिवस अश्रू गाळीत एकेकास बोध केला. मग ज्या कळपावर पवित्र आत्म्याने त्यांस नेमिले, त्या सर्व कळपाकडे लक्ष पुरविण्यास तो त्यांस सांगतो. एकेकास आणि सर्व, ह्या दोन शब्दांनी सतराव्या शतकातील एका इंग्रज पाळकास असे धरून ठेविले की, त्याच्या सेवेची रीतच पालटली. त्याचेच चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

रिचर्ड बॅक्स्टर यांचा जन्म १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात श्रॉपशर परगण्यातील रौटन गावी झाला. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी जुगारात पुष्कळ पैसा घालविला होता; पुढे केवळ पवित्र शास्त्र वाचून त्यांचे अंतःकरण पालटले. गावच्या देवळात उपासना चालविणाऱ्यांपैकी कित्येक मद्यपी व अज्ञानी होते, तेव्हा मुलास धर्माचे खरे शिक्षण मिळाले ते घरी, वडिलांजवळ. बॅक्स्टर यांस विद्यापीठात जाण्याचा योग आला नाही. शरीर तर जन्मभर रोगट राहिले. १६३८ साली त्यांची धर्मसेवेची दीक्षा झाली आणि १६४१ साली ते वूस्टर परगण्यातील किडरमिन्स्टर या विणकरांच्या गावी उपदेशक म्हणून आले.

गावाने प्रथम त्यांचे स्वागत केले असे नव्हे. राजा व पार्लमेंट यांच्यातील तंट्याचे ते दिवस होते, आणि एकदा तर दारू प्यालेला जमाव हत्यारे घेऊन त्यांच्या शोधास निघाला. युद्ध पेटल्यावर त्यांस गाव सोडावे लागले. काही काळ ते पार्लमेंटच्या सैन्यात धर्मोपदेशक होते. १६४७ साली रक्तस्रावाने ते मरणाच्या दारी पोहोचले. मृत्यू समोर दिसत असता त्यांनी संतांच्या सार्वकालिक विसाव्याविषयी जो ग्रंथ लिहिण्यास आरंभिला, तो १६५० साली प्रसिद्ध होऊन घरोघर वाचला गेला. प्रकृती सुधारताच ते किडरमिन्स्टरास परतले व १६६० पर्यंत तेथेच राहिले.

त्यांच्या उपदेशास इतकी गर्दी होऊ लागली की, देवळात पाच नवे सज्जे बांधावे लागले. दुसरा एखादा एवढ्यावर समाधान मानता. परंतु बॅक्स्टर लोकांशी एकेकटे बोलू लागले, तेव्हा त्यांस एक गोष्ट आढळून आली व तिने ते हादरून गेले. आठ-आठ, दहा-दहा वर्षे नेमाने उपदेश ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांस ख्रिस्त देव आहे की मनुष्य, हेही सांगता येईना! उलट, अशाच एखाद्याशी अर्धा तास समोरासमोर बोलले असता, दहा वर्षांच्या उपदेशाने जे साधले नव्हते ते साधे. यावरून त्यांनी उपदेश सोडला नाही. परंतु उपदेश हे पाळकाचे अर्धेच काम आहे, असे त्यांस कळून चुकले. हे काम आपण फार उशिरा हाती घेतले, याची खंत त्यांनी उघडपणे लिहून ठेविली आहे.

परगण्यातील पुष्कळ सेवकांस एकत्र करून त्यांनी एक मंडळ स्थापिले होते. हे घरगुती शिक्षण आपापल्या मंडळीत सुरू करावे असे त्या सेवकांनी ठरविले, व १६५५ च्या डिसेंबरात ते वूस्टर येथे उपास व प्रार्थना यांसाठी जमले. बॅक्स्टर यांनी तेथे बोलावयाचे होते, पण आजाराने त्यांस जाता आले नाही. मग तयार केलेले भाषण त्यांनी विस्तारून १६५६ साली छापिले. तोच सुधारलेला पाळक या अर्थाच्या नावाचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ होय. त्याचे मूळवचन अर्थातच मिलेत येथील ते बोलणे. कळपाकडे लक्ष देण्यापूर्वी पाळकाने स्वतःकडे लक्ष द्यावे, हा त्या वचनाचा पहिला भाग आहे, आणि बॅक्स्टर यांनी तोही सोडला नाही. जो दुसऱ्यांस भाकर वाढतो आणि स्वतः उपाशी राहतो, अशा सेवकाविषयी त्यांनी जे लिहिले ते वाचून आजही अंगावर काटा येतो.

आता त्यांची रीत पाहा. किडरमिन्स्टरच्या हद्दीत सुमारे आठशे कुटुंबे होती. सोमवार व मंगळवार हे दोन दिवस सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत या कामासाठी राखलेले असत. त्यांचे साहाय्यक बाहेरच्या वाड्यावस्त्यांवर जात. गावातील कुटुंबे बॅक्स्टर यांच्या घरी येत. कोणी कोणत्या वेळी यावे, हे आठवडाभर आधी कळविले जाई. दोघे मिळून आठवड्यास चौदा कुटुंबे घेत, आणि प्रत्येकास सुमारे तास देत. प्रथम प्रश्नोत्तरावली म्हणून घ्यावयाची, मग तिचा अर्थ विचारावयाचा, आणि शेवटी प्रत्येकाच्या आत्म्याची विचारपूस करावयाची. मनुष्य दहांच्या देखत मन उघडीत नाही, म्हणून एकेकास बाजूस घ्यावे. मात्र स्त्रियांशी बोलताना जवळ कोणी असावे, म्हणजे निंदेस जागा राहत नाही. उत्तर आले नाही तर लाजवू नये. प्रश्न इतका सोपा करावा की, होय किंवा नाही एवढे म्हटल्याने भागेल. म्हाताऱ्यांस पाठ होत नसेल तर आग्रह धरू नये. गरिबाची रोजी बुडते, याकरिता शक्य तर त्यास काही द्यावे. ही शेवटली सूचना आम्हांस फार मोलाची वाटते. ज्याने विणकराचे मागावरचे दिवस मोजले होते, त्यासच ती सुचावी.

आमच्या खेड्यांतही पाळक किंवा उपदेशक घरी येतो. घोंगडी अंथरली जाते, चहा होतो, पीकपाण्याची व शाळेची चौकशी होते, एक लहानशी प्रार्थना होते आणि मंडळी उठतात. यात वाईट काही नाही. परंतु त्या घरातील सून रात्री का रडते, थोरल्या मुलाने प्रभुभोजनास येणे का सोडले, हे प्रश्न तसेच राहतात. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात देव मेंढपाळांवर ठपका ठेवितो तो उपदेश न केल्याचा नव्हे. मोडलेले बांधिले नाही, हरवलेले शोधिले नाही, याचा आहे. आणि योहानाच्या दहाव्या अध्यायातील उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारितो.

बॅक्स्टर यांनी शरीराच्या दुखण्याकडेही पाठ फिरविली नाही. गावात वैद्य नसल्यामुळे लोक त्यांच्याकडे येऊ लागले व ते एक पैही न घेता औषध सांगू लागले. पाच-सहा वर्षांत दारी इतके रोगी जमू लागले की, मुख्य कामास वेळ उरेना. शिवाय चुकीने कोणाचा जीव जाईल ही भीती. तेव्हा त्यांनी एक कुशल वैद्य गावात आणून वसविला आणि पुढे स्वतः औषध देण्याचे बंद केले. यात मोठे शहाणपण होते. अतिदुःखाने व उदासपणाने पछाडलेल्यांविषयीही त्यांचे मत असेच होते. हा विकार पुष्कळदा शरीराचा असतो, आणि नुसत्या बोधाने तो जात नाही. अशा मनुष्यास एकटे सोडू नये, त्यावर एकांतातील दीर्घ चिंतनाचे ओझे घालू नये, काही कामात गुंतवावे, आणि वैद्याचा उपचार करावा, असे त्यांनी शिकविले. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत निजला असता देवाने प्रथम दूताकरवी त्यास भाकर व पाणी दिले आणि पुन्हा निजू दिले. शब्द नंतर आला. असे असता, जे सेवक प्रत्येक खिन्न मनुष्यास विश्वासात कमी ठरवितात, त्यांनी हे अवश्य वाचावे.

फळ काय आले? ते प्रथम आले तेव्हा एका आळीत एखादेच घर देवाची उपासना करीत असे. ते गेले तेव्हा कित्येक आळ्यांत उपासना न करणारे एकही घर नव्हते. सुमारे सहाशे लोक प्रभुभोजनात भाग घेऊ लागले. विणकर मागावर पुस्तक उघडून ठेवीत व काम करीत वाचीत. आपल्या ग्रंथांची दर पंधरावी प्रत बॅक्स्टर मोफत घेऊन गरिबांस वाटीत.

ते निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांची लेखणी तिखट होती. नको त्या वादात ते शिरत, आणि नीतिमान ठरण्याविषयीची त्यांची काही मते पुष्कळ सुज्ञ लोकांस आजवर पटलेली नाहीत.

१६६० साली राजा दुसरा चार्ल्स गादीवर परत आला. बॅक्स्टर यांस हेरफर्डच्या बिशपाची जागा देऊ केली गेली; ती त्यांनी नाकारली. त्यांनी मागितले ते एवढेच की, किडरमिन्स्टर येथे साहाय्यक म्हणून, वेतन न घेताही चालेल, पण राहू द्यावे. ते मिळाले नाही. १६६२ च्या कायद्याने सुमारे दोन हजार सेवकांस आपापल्या जागा सोडाव्या लागल्या, त्यांत तेही होते. त्याच वर्षी त्यांनी मार्गरेट चार्लटन हिजशी विवाह केला. किडरमिन्स्टर येथे ती मोठ्या दुखण्यात असता तेथील लोकांनी तिच्यासाठी उपास व प्रार्थना केल्या होत्या. विवेकाच्या अवघड प्रश्नांचा उलगडा ती बहुतेक सेवकांहून चांगला करी, हे बॅक्स्टर यांनी १६८१ साली तिच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या तिच्या चरित्रात कबूल केले आहे. आमच्या बायबलबायांनी याची नोंद घ्यावी.

पुढे १६६९ साली ते काही काळ कैदेत पडले. १६८५ साली, नव्या करारावरील टीकेचे निमित्त करून, न्यायाधीश जेफ्रीज याने सत्तरीच्या उंबरठ्यावरील या रोगी मनुष्याची भरकचेरीत निर्भर्त्सना केली आणि पाचशे मार्क दंड ठोठावला. तो न भरल्याने ते १६८६ च्या नोव्हेंबरापर्यंत तुरुंगात राहिले. ८ डिसेंबर १६९१ रोजी लंडनात त्यांचे देहावसान झाले. ज्या कळपास ते नावानिशी ओळखीत, त्याचे पाळकपण त्यांस पुन्हा मिळाले नाही.

१७४३ साली जॉर्ज व्हाइटफील्ड किडरमिन्स्टरास गेले. बॅक्स्टर गाव सोडून गेल्यास तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती, तरी त्यांच्या शिक्षणाचा व शिस्तीचा सुगंध तेथे अजून राहिला आहे, असे त्यांस आढळले.