डिझेल नावाचा माणूस आणि पप्पांची गाडी

डिसेंबरात हिंगोलीला घरी आलो की मला मोबाईलचा अलार्म लावावा लागत नाही. सकाळी साडेसहाला पप्पा अंगणात गाडीला सेल मारायला लागतात आणि चार-पाच वेळा मारल्याशिवाय ती उठत नाही. २००४ची डिझेल गाडी. पुन्हा पासिंग झालेलं आहे, पत्रा चांगला आहे, फक्त थंडीत नखरे करते. यंदा मी ठरवूनच आलो होतो, पप्पांना ती भंगारात काढायला लावायची. झालं उलटंच. दोन दिवस मिस्त्रींच्या गॅरेजवर बसलो आणि रात्री रुडॉल्फ डिझेलबद्दल वाचत राहिलो. डिझेल हे आधी एका माणसाचं आडनाव, इंधनाला ते नंतर चिकटलं. इंजिनिअरिंगची डिग्री असूनही माझ्या हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

रुडॉल्फचा जन्म १८५८चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, वडिलांचं चामड्याच्या वस्तूंचं छोटं काम. १८७०मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्यांचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला तिथून जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं. पोरगा हुशार, स्कॉलरशिप मिळवून म्युनिकच्या पॉलिटेक्निकला गेला. तिथे त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे, म्हणजे थंडावा तयार करणाऱ्या यंत्रांमधलं मोठं नाव. वर्गात कळलं की वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम दहा टक्के उष्णता कामाला लावतं, बाकी सगळी वाया. ही गोष्ट त्याच्या डोक्यातून पुढे कधी गेलीच नाही.

त्याची कल्पना समजायला सायकलचा पंप आठवा. जोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक गरम होतं, कारण दाबलेली हवा तापते. पेट्रोल इंजिनात साधारण दहापट दाब देऊन प्लगने ठिणगी टाकतात. डिझेल म्हणाला, ठिणगी नकोच. हवाच इतकी दाबायची की ती ५०० अंशांच्या वर जाईल, मग त्यात इंधन सोडलं की आपोआप पेटेल. आमच्या गाडीसारख्या जुन्या डिझेल गाड्यांत हवा वीस-बावीस पट दाबली जाते.

म्हणूनच मिस्त्रींनी पहिल्या दिवशी कंप्रेशन तपासलं. ते चारही सिलिंडरमध्ये ठीक निघालं. ते गेलेलं असतं तर बोअर-पिस्टनचं काम निघालं असतं आणि मग माझं भंगाराचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. मग हीटर प्लग. थंडीत इंजिनचं लोखंडच हवेची गरमी खाऊन टाकतं, म्हणून सेल मारण्याआधी काही सेकंद हे प्लग तापतात. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा दिसतो ना, तो त्यांचाच. मल्टीमीटर लावला तर चारातले दोन जळालेले. (चांगल्या प्लगचा रेझिस्टन्स अगदी कमी दाखवतो, जळालेल्याचं सर्किटच तुटलेलं असतं. घरी मीटर असेल तर हे तुम्हीही बघू शकता.) पप्पा दिवा विझायची वाट न बघता सेल मारतात, हेही मिस्त्रींनी तिथेच पकडलं.

परत डिझेलकडे. १८९२मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं. ऑग्सबर्गच्या कारखान्याने प्रयोगाला जागा दिली, क्रुपने पैसा. ऑगस्ट १८९३च्या पहिल्याच चाचणीत स्फोट होऊन दाब मोजायचं यंत्र फुटलं. पण आत इंधन आपोआप पेटलं होतं, म्हणजे कल्पना खरी होती. १७ फेब्रुवारी १८९४ला इंजिन स्वतःच्या जोरावर साधारण एक मिनिट चाललं. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ला, प्राध्यापक श्रोटर यांनी मोजमाप केलं तेव्हा २६ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता निघाली. वाफेच्या दहाशी तुलना करा.

एक गोष्ट मात्र त्याला मनासारखी जमली नाही. इतक्या दाबाखालच्या हवेत इंधन घुसवायचं कसं? थेट पंपाने ते जमेना, म्हणून त्याने वेगळ्या कंप्रेसरची हवा वापरून इंधन आत फुंकलं. कारखान्यात चाललं, जहाजात चाललं, पण ते धूड कारमध्ये कुठे बसवणार?

आमच्या गाडीचं दुसरं दुखणं नेमकं इथलंच. पंप-नोझलवाल्याने नोझल मशीनवर लावून दाखवले. एकातून धुक्यासारखा फवारा, दुसऱ्यातून चक्क थेंब. थेंब नीट जळत नाही, म्हणून काळा धूर आणि कमी ॲव्हरेज. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल केला तर आधी पाणीच आलं. हे पाणी पंप आणि नोझल खातं. ते काढायला पाच मिनिटं लागतात आणि आम्ही वर्षभर काढलं नव्हतं. मी मध्येच टर्बो बसवायचं विचारलं. मिस्त्री नुसते हसले. अपग्रेड म्हणून शेवटी ब्लूटूथवाला स्टिरिओ तेवढा बसला.

डिझेल परवाने विकून लखपती झाला, पण सुरुवातीची बरीच इंजिनं गिऱ्हाइकांकडे नीट चालेनात, तक्रारी आल्या आणि त्याची तब्येत ढासळली. कमावलेला पैसा त्याने चुकीच्या ठिकाणी गुंतवून घालवला. विचित्र म्हणजे त्याच काळात इंजिन मात्र पुढे चाललं होतं. १९१२मध्ये सेलांडिया हे मोठं जहाज डिझेलवर समुद्र ओलांडू लागलं. २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर जेवला, केबिनमध्ये गेला आणि सकाळी सापडला नाही. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. खिशातल्या वस्तू काढून घेऊन त्यांनी प्रेत पाण्यातच सोडलं. त्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या. आत्महत्या की खून, यावर लोक अजून भांडतात. कर्ज बघता मला पहिलंच खरं वाटतं.

तो ५५ वर्षांचा होता. बॉशचा इंधन पंप कारखान्यातून बाहेर पडू लागला १९२७मध्ये आणि मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार आली १९३६मध्ये.

काल सकाळी अंगणात दिवा विझेपर्यंत पप्पा थांबले आणि एका सेलात गाडी उठली. हळदीचे भाव बघायला ते वसमतला निघून गेले. मी परत झोपलो.