पत्त्यांना आकड्यांचा आधार देणारा संस्कृत कवी

जळगाव नावाचे गाव एकच नाही. खानदेशातील जळगाव ही केळी, कापूस आणि सोन्याची पेठ. तर त्याच नावाचे दुसरे गाव, जामोदच्या जोडीने ओळखले जाणारे, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे, तसेच वाशीम जिल्ह्यातही. पिंपळनेर साक्री तालुक्यात आहे आणि पारनेर तालुक्यातही. त्यात धुळ्याचे इंग्रजी स्पेलिंग कधी धुलिया, तर जिल्ह्याचे जुने नाव पश्चिम खानदेश. कोणी पत्ता मराठीत लिही, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजीत. नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे किंवा मुलाने शहरातून धाडलेली मनीऑर्डर अशा गोंधळात भलत्याच गावी गेली, तर एका कुटुंबाचे किती नुकसान होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

देशभर पसरलेल्या या गोंधळावर सहा आकड्यांचा उतारा शोधणारे गृहस्थ मराठी होते. त्यांचे नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि टपाल व तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्यही होते. १९१५ साली जन्मलेल्या वेलणकरांचे पहिले प्रेम मात्र संस्कृत भाषेवर होते. सरकारी सेवेतील जबाबदाऱ्या सांभाळून त्यांनी संस्कृतात काव्ये आणि नाटके लिहिली. त्यांच्या ग्रंथांची संख्या शंभराच्या पुढे जाते.

त्या काळी टपालाची वर्गवारी हातानेच होत असे. रेल्वेच्या डाकडब्यात रात्रभर उभे राहून कर्मचारी पत्रांवरील पत्ते वाचत आणि ती त्या त्या गावाच्या कप्प्यात टाकत. कोणते गाव कोणत्या लाइनीवर, हे पाठ असल्याशिवाय हे काम होत नसे. पत्ता लागलाच नाही, तर पत्र परत-पत्र कार्यालयाकडे जाई. अमेरिकेने १९६३ साली टपालासाठी ‘झिप’ क्रमांक सुरू केले होते. भारतापुढचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण येथे लिप्या अनेक आणि एकाच नावाची गावेही अनेक. वाचणाऱ्याला कोणतीही लिपी येवो वा न येवो, आकडा त्याला कळतो, हे या योजनेचे मर्म ठरले.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिनी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, पिनकोड अमलात आला. पहिला आकडा देशातील विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. देशाचे आठ भौगोलिक विभाग पाडण्यात आले. नववा लष्करी टपालासाठी राखला गेला. जळगावला ४२५००१ मिळाला आणि जळगाव जामोदला ४४३४०२. नावातला घोळ दुसऱ्याच आकड्याशी मिटला.

खानदेशचा नकाशा समोर ठेवून हे क्रमांक पाहिले, तर एक मौज ध्यानात येते. कल्याणच्या बाजूला ४२१, नाशिकला ४२२, मनमाडला ४२३, चाळीसगावला ४२४ आणि जळगावला ४२५. मुंबईहून भुसावळकडे निघालेल्या गाडीसारखेच हे आकडे पुढे सरकतात. चाळीसगाव आणि पाचोरा जळगाव जिल्ह्यात असूनही त्यांचे क्रमांक धुळ्याप्रमाणे ४२४ ने सुरू होतात. उलट शिंदखेडा व दोंडाईचा धुळे जिल्ह्यात; पण जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या लोहमार्गावरील ही गावे ४२५ मध्ये मोडतात. महसुली हद्दीपेक्षा पत्राची वाट येथे महत्त्वाची मानलेली दिसते. म्हणूनच १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी नंदुरबारच्या ४२५४१२ या क्रमांकाला धक्का लागला नाही.

पिनकोडने गावाचे नाव पत्त्यातून हटवले नाही, तर त्याच्या शेजारी दुसरा साक्षीदार उभा केला. नाव अस्पष्ट असेल, तर आकडा सावरतो. आकडा चुकला, तर नाव वाचून अनुभवी कर्मचारी चूक ओळखतो. धुळ्याचा ४२४००१ आणि जळगावचा ४२५००१ यांत अंतर एकाच आकड्याचे आहे, म्हणून ही दुहेरी साक्ष मोलाची. ई-मेलच्या पत्त्याला अशी मुभा नाही. त्यात एक अक्षर चुकले, तर सर्व्हर पत्र परत पाठवतो, किंवा त्याच चुकीच्या पत्त्याचा कोणी धनी असेल, तर बिनबोभाट त्याच्या हवाली करतो. ‘तुम्हाला अमुक तर म्हणायचे नाही ना’ असे विचारणारा पोस्टमन तेथे नसतो.

१९७३ साली दिल्लीत भरलेल्या ‘इंडिपेक्स’ या जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनाचे अध्यक्षपद वेलणकरांनी भूषवले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते निवृत्त झाले. पुढे ते संस्कृतात रमले. मुंबईत त्यांनी स्थापन केलेल्या ‘देववाणी मंदिरम्’ या संस्थेने देशात व परदेशात संस्कृतच्या प्रसाराचे काम केले. १९९६ साली त्यांना संस्कृतसाठीचा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज सुमारे १९ हजार पिनकोड दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालयांना सामावून घेतात. २०२५ साली टपाल खात्याने उपग्रहाच्या साहाय्याने घराची नेमकी जागा सांगणारा दहा अक्षर-अंकांचा ‘डिजिपिन’ आणला. तरी सहा आकड्यांचा जुना पिनकोड कायम आहे. आता पत्रे कमी झाली. मात्र दोंडाईच्याच्या दारात येणारे कुरिअर असो वा जळगावच्या बँकेतला अर्ज, त्या सहा चौकटी भराव्याच लागतात. रोज त्या भरणाऱ्या कोट्यवधी हातांपैकी फार थोड्यांना वेलणकरांचे नाव ठाऊक असेल. लाखो पत्रांना योग्य घर दाखवणाऱ्या या माणसाची ओळख तेवढी मराठी घरांपर्यंत पोचायची राहून गेली आहे.