विश्लेषण : कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातही वेदना रोखता येतात, हे कोणी दाखवून दिले? कोण होत्या सिसिली सॉन्डर्स?

आता उपचारांचा उपयोग नाही, रुग्णाला घरी न्या, असे कर्करोगाच्या अनेक रुग्णांच्या कुटुंबीयांना सांगितले जाते. पण वेदनांचे काय? या एका प्रश्नासाठी सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या.

सुरुवात कशी झाली?

सॉन्डर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनजवळच्या बार्नेटमध्ये झाला. युद्धकाळात, १९४० मध्ये ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले आणि त्या रुग्णालयीन समाजसेविका झाल्या.

५०० पौंडांची खिडकी

वॉर्साहून आलेला डेव्हिड तास्मा हा ज्यू निर्वासित कर्करोगाने अंथरुणाला खिळला होता. लंडनमध्ये त्याचे जवळचे कोणी नव्हते. मरणासन्न रुग्णांसाठी वेगळी जागा हवी, हा विचार या दोघांच्या गप्पांतून पुढे आला. १९४८ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने ५०० पौंड सॉन्डर्स यांच्या नावे ठेवले. त्या वास्तूत आपली एक खिडकी असावी, ही त्याची इच्छा होती.

मॉर्फिनबाबत काय बदलले?

अशा रुग्णांकडे डॉक्टरच पाठ फिरवतात, तेव्हा डॉक्टर व्हा, असा सल्ला एका सर्जनने त्यांना दिला. १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर त्या डॉक्टर झाल्या. तेव्हा व्यसनाच्या भीतीने, वेदना असह्य झाल्यावरच मॉर्फिन दिले जाई. सॉन्डर्स यांनी लंडनच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये वेदना परतण्याआधीच, ठरावीक तासांनी तोंडावाटे मॉर्फिन देण्याची पद्धत रुजवली आणि रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. वेदना केवळ शरीराची नसते. त्यात भीती, एकटेपणा आणि घरच्यांची काळजीही असते, ही त्यांची मांडणी आज जगभर शिकवली जाते.

पुढे काय झाले?

१९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झाले. तास्माची खिडकी तिथे आहे. दोनच वर्षांत तिथल्या परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या.

भारतात काय स्थिती?

देशातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक अटींमुळे रुग्णांपर्यंत मॉर्फिन पोहोचणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली.

सॉन्डर्स यांनाही कर्करोगाने गाठले. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी स्वतः उभारलेल्या हॉस्पिसमध्येच अखेरचा श्वास घेतला.