वेरूळचा डोंगर लंडनला पोचला, पण तो रेखाटणारा चित्रकार आठ वर्षं आधीच गेला होता

आज कैलास लेण्यासमोर मोबाईल काढला की फोटो क्षणात जगभर जातो. कॅमेरा नव्हता तेव्हा हे काम जेम्स वेल्सनं हातानं केलं.

वेल्सचा जन्म १७४७ चा, स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा. १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला. पुण्यात तेव्हा चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याच्या ओळखीनं वेल्स पेशव्यांच्या दरबारात पोचला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं त्यानं काढली.

पैसा आणि मान दरबारी चित्रांत होता. वेल्सचं मन मात्र लेण्यांत अडकलं. १७९३ मध्ये थॉमस डॅनियल मुंबईत आला, तेव्हा आसपासची लेणी त्याला वेल्सनंच दाखवली. पुढं वेल्स वेरूळला गेला. सोबतीला पुण्याचा गंगाराम तांबट होता. मॅलेटसाठी गंगारामनंही वेरूळची चित्रं काढली होती.

नोव्हेंबर १७९५ मध्ये, साष्टीत कान्हेरीच्या लेण्यांचं काम चालू असतानाच आजारपणात वेल्स गेला. वेरूळची रेखाटनं तशीच राहिली.

मॅलेटनं वेल्सच्या मुलींचा आणि या चित्रांचा सांभाळ केला. १७९९ मध्ये वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी त्याचं लग्न झालं. चित्रं गेली डॅनियलकडं.

डॅनियलची पद्धत होती ॲक्वाटिंट. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची, पत्रा तापवून ती चिकटवायची आणि मग त्यावर ॲसिड सोडायचं. दोन कणांमधलं तांबं झिजतं. जिथं ॲसिड जास्त वेळ राहील, तिथं शाई जास्त धरते. त्यामुळं नुसत्या रेघा नाही, तर लेण्यांतला अंधार आणि बाहेरचं ऊन दोन्ही कागदावर उतरतं.

१८०३ मध्ये लंडनला २४ चित्रांचं पुस्तक निघालं. सुरुवातीलाच वेरूळच्या डोंगराची दृश्यं आणि शीर्षकात चक्क औरंगाबादचं नाव. वेरूळ कधीही न पाहिलेल्या इंग्रजी वाचकांसमोर हा डोंगर असा उभा राहिला.

शीर्षकात वेल्स आणि डॅनियल ही दोन्ही नावं आहेत. गंगारामचं नाही. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

वेरूळला जाल तेव्हा लेण्यात शिरण्याआधी थोडं मागं सरका आणि अख्खा डोंगर बघा. वेल्सनं तोही चित्रात घेतला होता.