जमीन तेवढीच, पाणी नवे

इचलकरंजी म्हटले की यंत्रमाग, हे समीकरण आता इतके रूढ झाले आहे की, शहरालगतच्या गंगानगरातील पंचगंगा सहकारी साखर कारखान्याने या परिसरातील शेतीचा चेहरामोहरा बदलला, याचे अनेकांना विस्मरण होते. हा कारखाना उभारणारे देशभक्त रत्नाप्पा कुंभार यांचे चरित्र बहुधा स्वातंत्र्यसैनिकाचे म्हणून सांगितले जाते. शेतजमिनीच्या अंगाने ते क्वचितच पाहिले जाते.

रत्नाप्पांचा जन्म १५ सप्टेंबर १९०९ रोजी शिरोळ तालुक्यातील निमशिरगाव येथे झाला. राजाराम महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर ते संस्थानी राजकारणात ओढले गेले. १९३९ मध्ये जयसिंगपुरात माधवराव बागल यांच्यासमवेत त्यांनी प्रजा परिषदेची मुहूर्तमेढ रोवली. जबाबदार राज्यपद्धतीइतकाच शेतसाऱ्याचा प्रश्नही त्या चळवळीच्या मुळाशी होता. बेचाळीसनंतर काही वर्षे ते भूमिगत राहिले, पुढे घटना समितीचे सदस्य झाले आणि १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेले.

इथवरची वाट त्या पिढीतील अनेकांची होती. रत्नाप्पांचे वेगळेपण त्यापुढे दिसते. पन्नासच्या दशकात देशाचे निव्वळ पेरणी क्षेत्र सुमारे १२ कोटी हेक्टर होते. माळराने मोडून, पडीक जमिनी वहितीखाली आणून १९७०-७१ पर्यंत ते १४ कोटींवर गेले आणि त्यानंतर जवळपास तेथेच थबकले. नवी जमीन उरली नव्हती. म्हणजे वाढ साधायची ती आहे त्याच रानात, पाण्याच्या बळावर. पंचगंगेच्या खोऱ्यात हे फार आधी उमगले होते. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतलेले आणि मध्यंतरी रखडलेले राधानगरी धरण याच दशकात पूर्णत्वास गेले. येथे मोठे कालवे काढले नाहीत. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून वाहायचे, कोल्हापुरी बंधाऱ्यांनी अडायचे आणि उपसा पंपांनी शेतात चढायचे.

पाणी आले, पण उसाला गिऱ्हाईक हवे. गुऱ्हाळे होती, कसबा बावड्याला खासगी कारखानाही होता; मात्र दर ठरविणे शेतकऱ्याच्या हाती नव्हते. प्रवरानगरचा सहकारी प्रयोग डोळ्यांसमोर होता. त्याच धर्तीवर रत्नाप्पांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून पंचगंगा कारखाना उभा केला. उसाचे हमखास पैसे मिळू लागल्यावर पंप बसविण्याची ऐपत आली आणि पंप बसले की ऊस वाढला. ज्वारी-भुईमुगाची जिरायत राने पाहता पाहता बागायत झाली. सारेच भले झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. देशात एकाच रानात दोन पिके निघू लागल्याने एकूण पीकक्षेत्र १३ कोटी हेक्टरवरून २० कोटींच्या पुढे गेले. आडसाली ऊस मात्र तेच रान दीड वर्ष अडवून बसतो.

याची खरी किंमत शिरोळच्या काळ्या, सपाट जमिनींनी मोजली. अतिरिक्त पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे क्षार वर आले आणि चांगली राने क्षारपड झाली. दुसरीकडे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आलेल्या इचलकरंजीचे माग-कारखाने आणि वसाहती भोवतालच्या शिवारात पसरत गेल्या. एका बाजूने पाणी जमिनीचे मोल वाढवीत होते, तर दुसऱ्या बाजूने तेच पाणी आणि वाढते शहर ती जमीन गिळत होते. यातील बरेचसे रत्नाप्पांच्या हयातीतच घडले. त्याचा दोष एकट्या कारखान्यावर ठेवणे अन्यायाचे होईल. पण ऊस वाढविण्याच्या घाईत निचऱ्याचा विचार मागे पडला, हे नाकारता येत नाही.

पुढे ते राज्याच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले आणि १९८५ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. २३ डिसेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. कारखान्याला आता त्यांचे नाव आहे. आणि शिरोळमध्ये शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारे पाणी बाहेर काढत, गेलेली राने पुन्हा लागवडीखाली आणत आहेत.